बिट की टिप

त्या महिन्यात मी सोल्डरिंगच्या चार टिपा मारल्या. ‘मारल्या’ हा आमच्या छंदातला शब्द. सोल्डरिंग आयर्न म्हणजे विजेवर तापणारी, पेनासारखी धरायची दांडी आणि टिप म्हणजे तिचं पुढचं टोक. कथील वितळवून तारा जोडायचं सगळं काम त्या टोकावर चालतं. ते काळं पडलं, कथील त्याला धरेनासं झालं, गोळी होऊन घरंगळायला लागलं, की टिप मेली. जरा सांभाळून वापरली तर एक टिप वर्ष-दोन वर्षं सहज जाते. माझी आठवडाभर टिकत नव्हती. तिसरीत असल्यापासून हातात आयर्न धरणाऱ्या एक्कावन्न वर्षांच्या बाईचं असं व्हावं, याचा मला इतका संताप आला होता की घरी नवरा माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

नुसता छंद असता तर मी आयर्न माळ्यावर टाकून दिलं असतं. पण मला बाबांच्या दाराची बेल करायची होती, आणि ती दसऱ्याच्या आत झाली नाही तर बाबांना त्यांचं घर सोडावं लागणार होतं.

बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आई गेल्यापासून एकटे राहतात. टेलिफोन खात्यात होते. लोकांचं बोलणं एकमेकांच्या कानापर्यंत पोचवण्यात नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर स्वतःचे कान गेले. हा विनोद त्यांचाच आहे. मला तो कधीच आवडला नाही. कानाचं यंत्र आम्ही दोनदा करून दिलं. दोन्ही यंत्रं टेबलाच्या खणात आहेत. ‘‘कानात शिट्टी वाजते. कुकर उतरवायला कुणी येत नाही,’’ हे त्यांचं म्हणणं. समोर उभं राहून बोललं तर ओठ बघून त्यांना बरंच कळतं.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा दादा वाघोलीहून त्यांच्यासाठी डबा घेऊन आला. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, स्वभावाने भित्रा, पण ते दाखवत नाही. त्याने अर्धा तास बेल वाजवली. फोन केला, तोही आत वाजत राहिला. किल्ली त्याच्याकडे होती, पण बाबांनी आतून कडी लावलेली. शेजारचे जमले, खालचा सुतार वर आला आणि कडी तोडली. बाबा खिडकीपाशी, दाराकडे पाठ करून, शब्दकोडं सोडवत बसले होते. मागे वळून त्यांनी पाच-सहा माणसं बघितली आणि विचारलं, ‘‘कडी कशाला तोडलीत?’’

दादाने मला तिथूनच फोन केला. ‘‘इनफ. मी त्यांना घेऊन जातोय. अटॅच्ड बाथरूमची खोली रिकामी आहे, लिफ्ट आहे, सिक्युरिटी आहे. तू मध्ये पडू नकोस.’’

मी मध्ये पडले नाही, कारण बाबा स्वतःच पुरेसे होते. ‘‘वाघोली चांगली आहे,’’ ते दादाला म्हणाले. ‘‘मी एकदा जाऊन आलोय.’’ तेवढ्याने दादा हटेना, तेव्हा त्यांनी पक्षपंधरवडा काढला. जन्मात कधी पंचांग न उघडलेला माणूस गंभीर चेहऱ्याने म्हणाला की पितरांच्या दिवसांत घर बदलत नाहीत. वहिनीला ते एकदम पटलं. दादाचा नाइलाज झाला. ‘‘ठीक आहे. दसऱ्याला गाडी घेऊन येतो,’’ तो म्हणाला. ‘‘दसऱ्याला तर काही आडवं येत नाही ना?’’

तो गेल्यावर बाबा मला म्हणाले, ‘‘अकराव्या मजल्यावरून काय दिसतं? दुसऱ्या बिल्डिंगचा अकरावा मजला.’’ इथे त्यांना न ऐकताही सगळं कळतं. क्लासची मुलं सायकली लावायला लागली की सात वाजले, समोरच्या डॉक्टरांचं शटर वर गेलं की दहा. खिडकीपाशी त्यांचं टेबल आहे, भिंतीवर खिळ्यांना त्यांची हत्यारं आहेत. मला त्यांचं म्हणणं कळत होतं आणि दादाचंही कळत होतं. म्हणून मी म्हटलं, प्रश्न बेलचा आहे ना, मग बेल दिसेल अशी करू.

आधी तयार बेल मागवली. दार वाजलं की दिवा लागतो, अशी. दिवा कसला, देवघरातली समई परवडली. प्लगमध्ये खोचायचा, म्हणजे जमिनीपासून वीतभर उंचीवर तो मिणमिणणार आणि बाबा वर बघून कोडं सोडवणार. ती परत केली आणि ठरवलं की आपणच करायची: दाराला बटण, आत काड्यापेटीएवढा एक बोर्ड आणि त्यावरून तीन मोठे दिवे. एक खिडकीपाशी, एक ओट्यावर, एक पलंगासमोर. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. आठवड्यातून तीन दिवस कंपनीची बस मला संध्याकाळी शहरात आणून सोडते. त्या तिन्ही दिवशी परस्पर बाबांकडे जायचं आणि तासभर काम करायचं, असा हिशेब धरला. बाबांच्या टेबलावर काम करायची मला लहानपणापासून सवय आहे, आणि कोथरूडला माझ्या घरी त्यासाठी जागाही नाही.

एक नियम मात्र मी घातला. मागे एकदा बाबा आयर्न चालू ठेवून खुर्चीतच पेंगले होते आणि टेबलक्लॉथ जळाला होता. म्हणून बटणाच्या वर मी ठळक अक्षरांत कागद चिकटवला: ‘मी नसताना आयर्नचं बटण लावू नये.’ दुसऱ्या दिवशी त्याखाली पेन्सिलीने ‘हुकमावरून’ असं लिहिलेलं होतं.

पहिली टिप मी स्वतः चुकीची घेतली, ते कबूल करते. बोर्डावरचे पाय, म्हणजे भागांची धातूची टोकं, बारीक, माझे डोळे आता चाळिशीच्या चष्म्यावर, म्हणून मी बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत जाऊन सगळ्यांत अणकुचीदार टिप मागितली. दुकानदार माझ्याच वयाचे, कपाळावर चष्मा चढवून बसलेले.

‘‘काम काय आहे?’’

‘‘बारीक आहे.’’

‘‘सगळं बारीक आहे की काही जाडही आहे?’’

दिव्यांच्या तारा जाड होत्या आणि बोर्डाच्या रुंद तांब्याच्या पट्टीला जोडायच्या होत्या, पण मला वाद घालायचा नव्हता. ‘‘बारीकच द्या,’’ मी म्हटलं. त्यांनी खांदे उडवले आणि दिली.

त्या टिपेने बारीक पाय लागले. मग जाड तार घेतली, आणि पंधरा मिनिटं मी ते सुईसारखं टोक पट्टीवर दाबून बसले. कथील वितळेना. वितळलं तर पसरेना. मी आयर्नची उष्णता वाढवली, आणखी वाढवली, शेवटी पार टोकाला नेली. तार जोडल्यासारखी दिसली आणि बोट लावल्याबरोबर सुटून आली. बाबा खुर्चीतून बघत होते.

‘‘बिट चुकलंय,’’ ते म्हणाले.

‘‘टिप ठीक आहे, बाबा. बोर्ड उष्णता खातोय.’’

‘‘बिट म्हणायचं. टिप वेटरला देतात.’’

त्यांच्या खात्यात त्या टोकाला बिट म्हणत. मी लहानपणी तेच म्हणायचे. पुढे इंजिनिअरिंगला गेले आणि टिप म्हणायला लागले. ही आमची जुनी कुरबुर आहे आणि ती नुसती शब्दाची आहे, असं मी तीस वर्षं धरून चालले होते.

दोन दिवसांनी आले तर ती टिप काळी ठिक्कर. मी म्हटलं, मीच जास्त तापवली. पुन्हा गल्लीत गेले. दुकानदारांनी मला ओळखलं, आणि ओळखल्याचं लपवलंही नाही.

‘‘काय, लागलं सगळं?’’

‘‘चपटी द्या,’’ मी म्हटलं.

‘‘हं. टोकाने उष्णता जात नाही, ताई. अंग टेकावं लागतं. चपटी टिप आडवी टेकवली की जाड तार होते, कोपऱ्याने धरली की बारीक पाय होतात. मी परवाच सांगणार होतो, पण तुम्ही घाईत होतात.’’

चपटी टिप म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरच्या तोंडासारखी. आणि काय सांगू, त्या संध्याकाळी तिने लोण्यासारखं काम केलं. पहिल्या दिव्याच्या दोन्ही तारा दोन मिनिटांत बसल्या. कथील असं पसरलं की बघत राहावं. मी बाबांना हाताला धरून टेबलाशी आणलं. त्यांनी भिंग लावून जोड बघितला, मान हलवली आणि म्हणाले, ‘‘आता जमलं.’’ मी इतकी खूश झाले की जाताना हरणासारखी जिना उतरले.

पुढच्या वेळी आयर्न लावलं, टिप तापली, कथील टेकवलं. गोळी झाली आणि टपकन टेबलावर पडली.

टिप मेली होती. एका दिवसाच्या वापरात. मी ओला स्पंज फिरवला, पितळी काथ्यात घासली, कथील धरावं म्हणून राळेत बुडवली. काहीही होईना. टोकाला काळपट-तांबूस रंग आला होता. या नव्या टिपा आतून तांब्याच्या असतात आणि वरून लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो मुलामा आहे तोवर टिप आहे, तो गेला की तांबं उघडं पडतं, जळतं, आणि संपलं. हिचा मुलामा गेला होता. म्हणजे माल बनावट. मी तणतणत गल्लीत गेले.

‘‘मुलामा उडालाय, बघा,’’ मी टिप काउंटरवर आपटली.

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. ‘‘कानस लावलीत?’’

‘‘मी?’’ मला जो राग आला! ‘‘मला काय नवशिकी समजता? नव्या टिपेला कानस लावत नाहीत, एवढं कळतं मला.’’

‘‘मग पॉलिशपेपर लावला असेल.’’

‘‘नाही लावला.’’

‘‘मग टिप आपोआप झिजली,’’ ते म्हणाले. ‘‘आम्ही टिपा विकतो. सवयी नाही विकत.’’

तिसरी मी दुसऱ्या दुकानातून, चांगल्या कंपनीची घेतली. तिचंही तेच झालं. दुसरा दिवा अर्धवट राहिला. आता मला टिपेचा सोडून सगळ्या जगाचा संशय यायला लागला. सोल्डरची तार बदलली. राळ बदलली. आयर्नची उष्णता वेगळ्या मीटरने मोजली. वीजच वर-खाली होत असेल म्हणून मधे स्टॅबिलायझर बसवला. ऑफिसातल्या एका मुलीने ऑनलाइन कुठेतरी विचारून बघितलं, तिथून उत्तर आलं की वापरणाऱ्याची चूक आहे. बसमध्ये मी ते वाचलं आणि फोन पर्समध्ये कोंबला. चूक! मी दर वेळी काम झाल्यावर टिपेवर ताजं कथील ठेवत होते, स्पंज पिळून ठेवत होते. आणि मी निघाले की बाबाही टेबल आवरून ठेवत. दुसऱ्या वेळी येऊन बघावं तर सगळं जागच्या जागी, आयर्नवर धुतलेला रुमाल घातलेला. त्या रुमालाचं मला किती कौतुक वाटायचं.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट होत होती, ती मला दिसत होती आणि तिच्याकडे मी बघत नव्हते. कडी तुटल्यापासून बाबांनी आपली खुर्ची फिरवली होती. आयुष्यभर खिडकीकडे तोंड करून बसणारा माणूस दाराकडे तोंड करून बसत होता. कोडं मांडीवर, उजेड मागून, त्यामुळे स्वतःचीच सावली कागदावर. बेल वाजवून उपयोग नाही म्हणून मी माझ्या किल्लीने दार उघडून आत यायचे. कधी ते दाराकडेच बघत असायचे. कधी डुलकी लागलेली असली तर मी समोर उभी राहिले की दचकून उठायचे. ‘‘आलीस का,’’ म्हणायचे. मी पर्स टाकून टेबलाकडे जायचे.

नवरात्र बसलं. दादाचा फोन यायचा, ‘‘झाली का तुझी बेल?’’ त्यात टोमणा नसायचा, म्हणूनच जास्त लागायचं. त्याने खोलीला रंग दिला होता. वाघोलीत बाबांसाठी सागवानी टेबल घेतलं होतं. मी ‘‘होतंय’’ म्हणायचे. चौथी टिप घ्यायला मी पुन्हा पहिल्या दुकानदारांकडे गेले. त्यांनी आपणहून खणाच्या तळातून एक चपटी टिप काढली, कागदात गुंडाळली आणि म्हणाले, ‘‘ही जपा.’’

त्या टिपेने दुसरा दिवा पुरा झाला. आता फक्त तिसरा दिवा आणि बोर्डाचे चार पाय राहिले होते. दसरा दोन दिवसांवर होता. आता ही गेली तर गेलंच सगळं, म्हणून मी खंडेनवमीला घरून काम घेतलं आणि दुपारीच बाबांकडे निघाले.

खंडेनवमीला बाबा हत्यारांची पूजा करतात. देवाला रोज नमस्कार करतीलच असं नाही, पण हत्यारं मात्र त्या दिवशी खाली उतरतात, पुसली जातात, पाटावर मांडली जातात. खात्यात सगळे करायचे, तेव्हापासूनची सवय. मी किल्लीने दार उघडलं. पाट मांडलेला होता. पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, जुना मीटर, सगळं चकचकीत. शेजारी झेंडूची फुलं, हळदीकुंकवाची कोयरी. बाबा टेबलाशी, माझ्याकडे पाठ करून वाकले होते. त्यांच्या डाव्या हातात पक्कड होती, पकडीत माझी टिप होती, आणि उजव्या हाताने ते तिच्यावर कानस चालवत होते.

एका लयीत, एकाच बाजूने, हलक्या हाताने. सराईत माणूस चालवतो तशी. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर तांबूस भुकटी. मग त्यांनी पॉलिशपेपर घेतला. मग टिप उजेडात धरली. ती नव्या पैशासारखी लखलखत होती.

‘‘बाबा!’’ मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुढे जाऊन त्यांच्या समोर उभी राहिले आणि ते केवढ्याने तरी दचकले. टिप खाली पडली.

‘‘हे तुम्ही करताय? रोज? सगळ्या टिपांना?’’

‘‘बिट काळं पडतं तुझं,’’ ते म्हणाले. ‘‘तू तशीच टाकून जातेस. मी साफ करून ठेवतो.’’

ते सांगताना चेहऱ्यावर जरा समाधान होतं, आणि ते बघून माझा तोल गेला. मला जे बोलायचं नव्हतं ते सगळं मी बोलले, तेही ओरडून. की नव्या टिपेला कानस लावत नाहीत. की कानसून वापरायच्या त्यांच्या त्या अख्ख्या तांब्याच्या ठोकळ्याचा जमाना गेला. की महिनाभर मी हिंजवडीहून उभ्याने येऊन इथे मरतेय, दुकानदाराकडून बोलणी खातेय, आणि माझ्या मागे ते माझं काम कानसून टाकतायत. की मला विचारायला काय झालं होतं. आणि शेवटी म्हटलं, ‘‘माझ्याने नाही होणार ही बेल. त्यापेक्षा वाघोलीलाच जा तुम्ही!’’

बाबा खाली वाकले, त्यांनी टिप उचलली.

‘‘एवढं ओरडू नकोस,’’ ते म्हणाले. ‘‘ऐकू आलं.’’

समोरच्या डॉक्टरांचं शटर खाली आलं. बाबा माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

‘‘महिनाभर दाराकडे तोंड करून बसलोय, वॉचमन बसतो तसा. तू किल्लीने येतेस. एकदम समोर उभी राहतेस. दर वेळी छातीत धस्स होतं. कोणी येतंय हे कळावं, उठावं, आपलं दार आपण उघडावं, एवढंच. बेलचं मला तेवढ्यासाठीच होतं. म्हणून म्हटलं, आपणही थोडा हात लावू.’’

मी स्टुलावर बसले. राग तसाच होता, पण तो कोणावर काढायचा ते कळेना.

‘‘बटण लाव,’’ बाबा म्हणाले.

‘‘काय करायचंय आता बटण लावून? मुलामा गेला.’’

‘‘बटण लाव. कानसलेलं बिट थंड ठेवायचं नसतं. गरम करायचं आणि लगेच कल्हई करायची. थंड ठेवलं की काळंच पडणार. मी एकटा असताना बटण लावायचं नाही, असं तू लिहून ठेवलंयस. म्हणून नाही लावलं.’’

मी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. माझी ठळक अक्षरं, खाली त्यांचं ‘हुकमावरून’. महिनाभर ते दुपारी बिट कानसत होते, नियम पाळून थंड ठेवत होते, आणि वर धुतलेला रुमाल घालत होते. अर्धी चूक त्यांच्या कानशीची होती आणि अर्धी माझ्या कागदाची.

मी टिप बसवली, बटण लावलं. उघडं तांबं तापायला लागलं. बाबा चष्मा नाकावर घेऊन अगदी जवळ वाकले. त्याचा रंग बदलायच्या आत त्यांनी ‘‘हं’’ म्हटलं आणि राळेत बुडवून कथलाची तार टेकवली. भांडी कल्हई करताना कसा एकदम चांदीचा रंग फिरतो, तसं ते टोक पांढरं झालं. ‘‘आता थांबू नकोस,’’ ते म्हणाले. ‘‘याला आयुष्य तासाभराचं.’’

तासभर लागला नाही. मी आयर्न धरलं, बाबांनी तार दिली. त्यांचा हात कापतो, पण टेबलाच्या कडेला मनगट टेकवलं की कापत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. चार पाय, दोन जाड तारा. शेवटचा जोड झाला तेव्हा टिपेच्या कोपऱ्याला बारीक खड्डा पडायला लागला होता. उघडं तांबं कथलात विरघळतं. ती टिप मेलीच. तिला गार करून बाबांनी पाटावर पकडीशेजारी ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. मी माफी मागितली नाही. आमच्या घरी ती पद्धत नाही. मी चहा केला आणि त्यात त्यांना चालत नाही तेवढी साखर घातली. ते प्याले.

दसऱ्याला दादा आला. गाडीची डिकी रिकामी करून आला होता, बरोबर सामान बांधायला चादरी आणि दोऱ्याही आणल्या होत्या. त्याने बटण दाबलं. खिडकीपाशी, ओट्यावर आणि पलंगासमोर तिन्ही दिवे एकदम लागले. मी आतच होते, पण मी उठले नाही. बाबा उठले, धोतर सावरलं, जाऊन दार उघडलं. दादाने त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मग म्हणाला, ‘‘बाबा, एक मिनिट, परत ट्राय करतो,’’ आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. असं त्याने तीनदा केलं. चौथ्या वेळी बाबांनी दार उघडून धरलं आणि म्हणाले, ‘‘आत येणार आहेस की विकायला काही आणलंयस?’’

दादा बसला, पाणी प्याला, वर दिव्याकडे बघत राहिला. त्याला बरं वाटलं होतं आणि वाईटही वाटलं होतं. रंगवलेली खोली त्याच्या डोळ्यांसमोर असणार. ‘‘दिवाळीपर्यंत बघू,’’ तो म्हणाला. ‘‘पण बाबा, डिकी मी रिकामीच ठेवतोय.’’ बाबांनी त्याला श्रीखंड वाढलं.

त्या सोमवारी मी बसमधून उतरून नेहमीसारखी जिना चढले. दिवसभर एका टेस्टवरून माझं आणि मॅनेजरचं वाजलं होतं, वर बसला दोन तास लागले होते. किल्ली हातात होतीच. ती मी कुलुपात घातलीसुद्धा. मग काढली आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. आतून आवाज नाही. मी थांबले. मला थांबता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. बोर्ड गेला असेल, जोड सुटला असेल, ते पडले असतील, असं सगळं तेवढ्यात येऊन गेलं. किल्ली पुन्हा कुलुपाकडे नेली आणि तिथेच धरून ठेवली. मग चपलांचा आवाज आला. हळू, घाई नसलेला. कडी खडखडली. नवी कडी लावून घेतली होती त्यांनी, मला न सांगता.

दार उघडलं. त्यांच्या मागे खोलीत खुर्ची दिसत होती. तिची पाठ दाराकडे होती.

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या किल्लीकडे.

‘‘कोण हवंय आपल्याला?’’

‘‘इथे टिपा मिळतात का?’’ मी विचारलं.

ते माझ्या ओठांकडे नीट बघत होते. ‘‘टिपा हॉटेलात,’’ ते म्हणाले. ‘‘इथे बिट मिळतं. या.’’ आणि दार पूर्ण उघडून बाजूला झाले.